जुनी आउटबोर्ड मोटर पुन्हा पाण्यावर आणताना: आधी तपासा, मग खर्च करा



आपल्या भागात जुनी आउटबोर्ड मोटर दोन वाटांनी येते. एक म्हणजे चोर्ला किंवा आंबोली घाट चढून, कोकण-गोव्यातल्या समुद्रावर वापरलेली. दुसरी म्हणजे घरातलीच, वडिलांच्या काळातली, गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली. दोन्हींच्या बाबतीत आपण पहिली चूक एकच करतो: दोरी ओढायची, फटफट झालं की "चालू आहे" म्हणायचं आणि थेट नावेला लावायची.

मोटर चालू होणं वेगळं आणि दुरुस्त असणं वेगळं. काठावर बंद पडली तर एक दिवस वाया जातो. हिडकलच्या धरणात मध्यावर, वारा सुटल्यावर बंद पडली तर जिवावर बेततं. म्हणून मोटर कुठल्या क्रमाने तपासायची आणि पैसे कुठे घालायचे, कुठे नाही, हे आज एकत्र मांडतो. हे सगळं जुन्या टू-स्ट्रोक मोटरसाठी आहे.

सुरुवातीला मोटर ओळखा

नावेच्या मागच्या फळीला मोटर जिथे आवळतात, त्या क्लॅम्पवर नावाची पट्टी असते. मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर तिथूनच लिहून घ्या. वरचं झाकण कधी कधी दुसऱ्याच मोटरचं असतं, त्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

हे का करायचं? तर सुटे भाग मिळतील की नाही, ते यावर ठरतं. आउटबोर्डचा धंदा मोठा केला तो ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने, अमेरिकेतल्या मिलवॉकीत, १९०९ पासून. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं एकाच कंपनीची झाली. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकाने एव्हिनरूड चालू ठेवली, पण २०२० मध्ये तिचंही उत्पादन थांबलं. इंग्लंडची ब्रिटिश सीगलही कधीच बंद झाली. या मोटरींचे इम्पेलर, पॉईंट, गॅस्केट दुसऱ्या कंपन्यांचे मिळतात, पण मागवावे लागतात आणि वेळ जातो. यामाहाच्या एंड्युरो मालिकेसारख्या मोटरी आपल्या किनाऱ्यावर आजही चालतात, त्यामुळे त्यांचे भाग कोकणात, गोव्यात सहज मिळतात. जुनी मोटर घ्यायचीच असेल तर आधी भाग मिळतो का ते विचारा, भाव नंतर करा.

१. हाताने फिरते का?

दोरी ओढण्याआधी प्लग काढा आणि वरचं फ्लायव्हील हाताने, सावकाश, दोरी ज्या दिशेने ओढते त्याच दिशेने फिरवा. सहज फिरलं तर उत्तम. जाम असेल तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल घाला, एक-दोन दिवस थांबा, मग हलकेच मागे-पुढे करून बघा. जोराने दोरी ओढली तर रिंग मोडते, दोरीचं यंत्रही तुटतं, आणि छोटं काम मोठं होतं.

२. कॉम्प्रेशन: इथेच निर्णय घ्या

कॉम्प्रेशन गेज कुठल्याही मोटारसायकल मेकॅनिककडे असतं. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्पार्क बंद ठेवा आणि चार-पाच वेळा दोरी ओढा. बऱ्याच पेट्रोल मोटरी ९० ते १२० पीएसआयच्या दरम्यान दाखवतात. फार जुन्या मोटरी आणि केरोसीन मॉडेल मुळातच कमी दाखवतात, त्यामुळे नुसता आकडा कमी म्हणून घाबरू नका. दोन सिलिंडर असतील तर त्यांच्यातला फरक बघा. तो १० टक्क्यांच्या आत हवा.

एका सिलिंडरला १०० आणि दुसऱ्याला ६० येत असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर टू-स्ट्रोक तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. चढला नाही तर हेडचं गॅस्केट गेलं असेल किंवा पिस्टनला भोक असेल. अशी मोटर स्वस्तात मिळत असली तरी सुट्या भागांसाठीच घ्या. इथे थांबलात तर पुढचे सगळे पैसे वाचतात.

३. स्पार्क

प्लग तारेला लावून त्याची धातूची बाजू इंजिनच्या धातूला नीट टेकवा, मग दोरी ओढा. जवळ पेट्रोलचं भांडं, सांडलेलं पेट्रोल नको. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, अधूनमधून येणारी ठिणगी म्हणजे काम आहे. प्लग न टेकवता दोरी ओढू नका. सीडीआय असलेल्या मोटरची कॉईल त्याने जळू शकते.

ठिणगी नाहीच, तर या क्रमाने बघा:

– नवा प्लग लावून बघा. सगळ्यात स्वस्त भाग तोच.
– बंद करायच्या बटणाची तार काही वेळासाठी सोडवून बघा. जुन्या मोटरीत ही तार कुठेतरी घासून धातूला लागलेली असते. दोष तिथेच सापडला तर तार बदला. बंद बटणाशिवाय मोटर पाण्यात न्यायची नाही.
– पॉईंटवाली मोटर असेल तर फ्लायव्हील काढून पॉईंट स्वच्छ करा. पडून राहिलेल्या मोटरीच्या पॉईंटवर पापुद्रा धरतो. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेलं कोरं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढा. गॅप फिलर गेजने लावा. जुन्या छोट्या जॉन्सन-एव्हिनरूडला ०.५ मिमी, इतरांना पुस्तकात दिलेली.
– कॉईलवर तडा दिसला तर कॉईल बदला. पॉईंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा. नटावर हातोडा मारून काढलेल्या मोटरीचा क्रँक वाकतो, मग ती कधीच धड चालत नाही. बसवताना खाचेतली चावी बघा. ती तुटलेली असेल तर टायमिंग हलतं आणि मोटर उलटे धक्के मारते.

पुलर नाही मिळाला तर आपल्या शहापूरजवळ उद्यमबाग आहे. तिथले लेथवाले नमुना दिला की पुलर, बुश, पिन करून देतात. इम्पेलर, डायफ्रॅम, सील मात्र कारखान्याचेच घ्या. रबराचं काम लेथवर होत नाही.

४. पेट्रोल: आताचा सगळ्यात मोठा घोटाळा

जुनी मोटर बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूतून सुरू झालं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. याचे जुन्या मोटरीवर तीन परिणाम होतात. एक, जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ पडतो. दोन, फार जुन्या कार्बोरेटरमधला बुचाचा फ्लोट लाखेने माखलेला असतो, ती लाख इथेनॉलमध्ये विरघळते आणि जेट तुंबतो. तीन, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. आपण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जातो तो बिनतेलाचा थर, आणि पिस्टन धरतो.

घरी तपासायचं असेल तर मोजमापाच्या काचेच्या बाटलीत २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ३५ च्या आसपास चढला तर २० टक्केवालं आहे. हे काम चुलीपासून लांब, उघड्यावर करा, आणि ते पेट्रोल परत टाकीत घालू नका.

म्हणून जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. सगळ्या नळ्या, हातपंपाचा फुगा, डायफ्रॅम आताच्या पेट्रोलला चालणारे नवे घाला. फुग्यावरचा बाण मोटरीकडे हवा. लागेल तेवढंच पेट्रोल मिसळा, महिनोन् महिने साठवू नका.

तेलाचं प्रमाण मोटरीनुसार वेगळं असतं. १९६४ पासूनच्या बहुतेक जॉन्सन-एव्हिनरूडला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. त्याआधीच्यांना २४ ला १, म्हणजे सुमारे ४२ मिली. जुन्या सीगलला १० ला १, म्हणजे चक्क १०० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, पाण्यातल्या मोटरीसाठीचं घ्या. मोटारसायकलचं चालवून नेऊ नका.

कार्बोरेटर उघडताना एकेक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. फ्लोटची सुई झिजली असेल तर बदला.

केरोसीन मॉडेल असेल तर पेट्रोलवर चालू करून, गरम झाल्यावर केरोसीनवर न्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची. नाहीतर कार्बोरेटरमध्ये केरोसीन राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखतो. पेट्रोलच्या मोटरीत केरोसीन मात्र कधीच घालू नका.

५. थंड करणारं पाणी

जास्त मोटरी इथेच मरतात. खालच्या पायात पाण्याचा पंप असतो आणि त्यात रबरी इम्पेलर. पडून राहिलेल्या मोटरीत त्याची पाती वाकून तशीच कडक होतात. दिसायला चांगला वाटला तरी नवा घाला. मोटर पाण्याशिवाय काही सेकंदही फिरवायची नाही. "नुसती चालू होते का बघू" म्हणून कोरडी फिरवली की इम्पेलर तिथेच जातो.

नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. पंपाचं झाकण दाबताना दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वाकतात. दांड्याच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, वरच्या टोकाला थापू नका. टोकावर ग्रीस साचलं तर पाय पूर्ण बसत नाही.

समुद्रावरून आलेल्या मोटरीत मीठ जमलेलं असतं. इम्पेलर नवा असूनही धार बारीक येत असेल तर थर्मोस्टॅट काढून बघा आणि पाण्याच्या वाटा व्हिनेगरने किंवा लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्याने धुऊन काढा. मोटरीखालचा झिजणारा धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, समुद्रासाठी जस्ताचा असतो. आपल्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा चांगला काम करतो. आपल्याकडचा शत्रू मीठ नसून गाळ आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या पावसाळी पाण्यात चाललेल्या मोटरीचा इम्पेलर लवकर झिजतो, म्हणून दर हंगामाला उघडून बघा.

६. गिअर ऑईल आणि पंखा

खालचा स्क्रू काढून थोडं तेल भांड्यात घ्या. काळं असेल तर जुनं आहे, बदला. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय, सील बदला. नवं तेल नेहमी खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं तर आत हवा राहते. काही जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये तेलाच्या स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा दुसरा स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या भागाचा आहे, त्याला हात लावू नका. निघाला तर अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो.

सील का जातं? बहुतेक वेळा आपल्याच जाळ्यामुळे. तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो आणि सील कापतो. महिन्यातून एकदा पंखा काढून बघा. जुन्या मोटरीत पंख्याला शिअर पिन असते. दगडाला धडकल्यावर ती तुटावी म्हणूनच असते, म्हणजे गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा घालू नका. मूळ मापाच्या दोन पिना, पक्कड आणि पाना कायम नावेत ठेवा.

७. आधी पिंपात, मग काठाला, मग आत

पंखा काढून मोटर पाण्याच्या मोठ्या पिंपात उतरवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली पूर्ण बुडाली पाहिजे. हे उघड्यावरच करा, बंद खोलीत धूर जीव घेतो. चालू झाल्यावर पाण्याची धार बघा. धार सोडत नसेल किंवा हेड हाताला फार चटका देत असेल तर लगेच बंद करा. बऱ्याच फार जुन्या मोटरींना धारेचं भोकच नसतं, तिथे मागच्या बाजूने पाणी-वाफ येते का ते बघा. दहा-पंधरा मिनिटं मंद गतीवर टिकली, बंद करून पुन्हा एका-दोन ओढीत लागली, तर पुढे जा.

पहिला तास नाव काठालगतच चालवा. वल्ही सोबत घ्या. परत आल्यावर प्लग काढून बघा. तपकिरी रंग असेल तर ठीक. काळा ओला असेल तर तेल-पेट्रोल जास्त जातंय. पांढरा कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि हे सगळ्यात धोक्याचं.

चालता चालता बिघडली तर

– लागते, दोन-तीन मिनिटांनी बंद पडते: टाकीच्या झाकणाची हवा उघडी आहे का बघा.
– फुगा दाबत राहिलं की चालते: पंपाचा डायफ्रॅम गेलाय किंवा नळीच्या जोडात हवा शिरतेय.
– गार असताना चालते, गरम झाल्यावर बंद: कॉईल किंवा कंडेन्सर. गार झाल्यावर लागली म्हणून पुन्हा आत जाऊ नका.
– मंद गतीवर टिकत नाही: कार्बोरेटरचा बारीक जेट तुंबलाय.
– इंजिन ओरडतं, नाव हलत नाही: शिअर पिन तुटली किंवा पंख्याचं रबर सुटलं.
– पूर्ण वेगात अचानक आवाज बदलतो, शक्ती कमी होते: लगेच वेग कमी करून बंद करा. पिस्टन धरायच्या आधीची ही सूचना असते.

पुरात बुडालेली मोटर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात निपाणी-चिकोडी भागात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मोटर बुडाली तर पाण्याबाहेर काढल्याक्षणी हवेने गंज सुरू होतो. लगेच गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, भोकं खाली करून सावकाश फिरवून पाणी काढा, सिलिंडरात तेल घाला, कार्बोरेटर रिकामा करा आणि त्याच दिवशी चालू करून गरम होऊ द्या. लगेच जमणार नसेल तर ती स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, अर्धवट कोरडी सोडू नका. गाळ आत गेला असेल किंवा फिरताना कुठे अडत असेल तर मात्र चालू करू नका, उघडावीच लागेल.

शेवटचं, पण महत्त्वाचं

टू-स्ट्रोक मोटरीचं न जळलेलं तेल थोडंफार पाण्यात जातंच. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं. कुठल्याही जलाशयात मोटर उतरवण्याआधी तिथे परवानगी आहे का ते विचारून घ्या. तेल-पेट्रोल काठावर बदलताना खाली ट्रे ठेवा, जुनं तेल पाण्यात किंवा मातीत ओतू नका.

मोटर नवी असो की चाळीस वर्षांची, नावेत माणसागणिक एक लाइफ जॅकेट, दोन वल्ही, नांगर आणि दोरी, प्लास्टिकमध्ये बांधलेला मोबाईल हवाच. जॅकेट अंगात घाला, पाटाखाली ठेवू नका. आणि बाहेर पडताना कुठे जातोय, कधी परतणार, हे घरी सांगून जा.

मोटर बघायला जाताना हा लेख मोबाईलमध्ये असू द्या. पहिल्या दोन तपासण्या विकणाऱ्याच्या दारातच होतात. तो त्या करू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा आणि परत या.